लेकीच्या चेहऱ्याला पहिला रंग

माझी मुलगी आठवीत होती. धानाची कापणी चालू होती. एका संध्याकाळी जेवता जेवता तिनं विचारलं, "पप्पा, मी लिपस्टिक कवापासून लावू?"

लावू का, असं तिनं विचारलं नाही. कवापासून, असं विचारलं. लावायचं तिचं ठरलेलं होतं, दिवस तेवढा माझ्याकडून हवा होता. मी तोंडातला घास गिळला आणि म्हणालो, "दहावी झाल्यावर."

"काऊन?"

"काऊन म्हंजे? म्हनलं न, दहावी झाल्यावर."

याहून बरं उत्तर मला सुचलं नाही. खरं तर सुचायला हवं होतं, कारण चेहरे रंगवणं हाच माझा धंदा आहे. सावलीजवळच्या आमच्या गावात मला सगळे मेकअपवाले भाऊ म्हणतात. पावसाळ्यात मी दोन एकरांत धान लावतो. दिवाळी झाली की गावोगावी मंडई, म्हणजे आमच्याकडची जत्रा, भरते, मंडईसोबत झाडीपट्टीतली नाटकं सुरू होतात आणि मी रंगांची पेटी घेऊन नाटकवाल्यांच्या गाडीत बसतो तो होळीलाच उतरतो. आज गडचिरोलीकडे, उद्या ब्रह्मपुरीकडे. वीस वर्षांत मी किती बायकांचे ओठ रंगवले असतील याचा हिशेब नाही. आणि माझी स्वतःची मुलगी ताटावर बसून मला एक साधा प्रश्न विचारत होती, तर मी ताटातून मान वर काढत नव्हतो.

ती रुसली नाही. रुसणं तिच्या स्वभावात नाही, ती वाद घालते. दुसऱ्या दिवशी मी वावरातून आलो तर दारातच उभी.

"पप्पा, मी पाच दिवसाची होती तवा मले काजळ लावलं होतं न? गालावर तीट बी लावली होती. तवा मले विचारलं होतं काय कोनी?"

तिची आई आत भाकरी थापत होती. तिचं हसू मला बाहेर ऐकू आलं. ती म्हणाली, "बरोबर बोलून राह्यली पोरगी. तुमी जगाच्या पोरी रंगवता. घरच्या पोरीनं विचारलं त एवढे काऊन भेले?"

"भेलो नाई मी."

पण मी भ्यालो होतो, आणि का ते मी घरी कधी सांगितलं नव्हतं.

धंद्यात पडून मला दोन-तीन वर्षं झाली होती तेव्हाची गोष्ट. आमच्या नाटकात सोळा वर्षांची एक मुलगी नवी आली होती. तिला तीस वर्षांच्या सावकारणीचं काम दिलं होतं. मी जीव लावून तिचा मेकअप केला. गालांची हाडं वर काढली, ओठ भरले, डोळ्यांना जडपणा आणला. लोकांना ती खरंच तिशीची वाटली आणि मला फार अभिमान वाटला. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही सगळे टपरीवर चहा पीत होतो. ती तोंड धुऊन, दोन वेण्या घालून आली होती. नाटक पाहिलेला एक माणूस आला आणि तिच्याशी असं बोलायला लागला, जसं कुणी सोळा वर्षांच्या पोरीशी बोलू नये.  ओढणी घट्ट धरून माझ्या मागं येऊन उभी राहिली. मी त्या माणसाला काहीच म्हणालो नाही. कप खाली ठेवला आणि गाडी सुटायची वाट पाहिली.

तेव्हापासून माझ्या डोक्यात पक्कं बसलं होतं, की मेकअप पोरीला मोठी करतो आणि ते मोठेपण खोबरेल तेलानं उतरत नाही. म्हणून दहावी. दहावी झाल्यावर काय बदलणार होतं, ते मलाही माहीत नव्हतं.

जानेवारीत शाळेचं स्नेहसंमेलन आलं. शाळेतल्या मॅडम घरी आल्या आणि म्हणाल्या, "भाऊ, यंदा मेकअप तुमीच करा. मागच्या वर्षी आमी केला त पोरं भुतावानी दिसत होते." माझं त्या दिवशी नाटक नव्हतं. मी लगेच हो म्हणालो. मग मॅडमनी सांगितलं, की आमच्या मुलीला नाटुकल्यात मुख्य काम मिळालं आहे. म्हातारीचं. गाव सोडून शहरात लेकाकडं जायला नकार देणाऱ्या सत्तर वर्षांच्या म्हातारीचं.

मुलगी खाटेवर पालथी पडून उशीत बोलली, "बाकीच्या पोरी नाचात आहेत. त्याईले लिपस्टिक, टिकल्या, सगळं. अन् मले बुढी केलं."

मला मात्र आनंद झाला होता. म्हातारपणाचा मेकअप हे आमच्या कामातलं सगळ्यात अवघड काम. गोरं-गोमटं कुणीही करून देतो. तरण्या कातडीवर सुरकुत्या बसवून दाखवा. आठ दिवस मी तोच विचार करत होतो. गावातल्या म्हाताऱ्या बायका पाराजवळ उन्हाला बसत, तिथून जाताना मी त्यांच्या तोंडांकडं इतकं टक लावून पाहायचो, की एकीनं शेवटी विचारलंच, "काय पायतं रे बापा? मेली नाई मी अजून."

संमेलनाच्या दिवशी सकाळी नऊला मी सातवीच्या वर्गात पेटी उघडली. बाकं भिंतीला लावली होती, खिडकीतून भरपूर ऊन येत होतं, आणि दारात चाळीस पोरींची रांग. सगळ्या एकदम बोलत होत्या. एकीची बांगडी फुटली होती, एकीला फुलवाली टिकलीच हवी होती, एक आरशासमोरून हलतच नव्हती. मला नाटकाच्या पडद्यामागची गडबड सवयीची, पण ही गडबड वेगळीच होती. त्यांच्या अंगात वारं भरलं होतं आणि थोड्या वेळानं माझ्याही भरलं. पावडर, गाल, ओठ, पुढची. पावडर, गाल, ओठ, पुढची.

माझी मुलगी शेजारी आरसा धरून उभी होती. पंधरा-वीस पोरी झाल्यावर ती हळूच म्हणाली, "पप्पा, हे पाचवीतली आहे."

माझा हात त्या पोरीच्या ओठावर तसाच थांबला. पाचवीतली पोर ओठ पुढं करून डोळे मिटून बसली होती.

"नाचाले लावून राह्यलो," मी म्हणालो.

"हाव. नाचाले."

ती पुन्हा आरसा धरून उभी राहिली.  दहा वर्षांच्या दुसऱ्यांच्या पोरींना मी सकाळपासून लिपस्टिक लावत होतो आणि एकीलाही दहावी झाली का म्हणून विचारलं नव्हतं.

सगळ्यात शेवटी ती माझ्यासमोर बसली. आदल्या दिवशी तिच्या मनगटावर रंग लावून पाहिला होता, पुरळ आलं नव्हतं. तरी मी पुन्हा एकदा मनगट पाहिलं. सुरकुत्या काढायची रीत अशी, की माणसाला हसायला लावायचं, आठ्या घालायला लावायचं, आणि कातडी जिथं दुमडते तिथंच तपकिरी रेघ ओढायची. मोठ्या माणसाच्या तोंडावर घडी थोडी तरी राहते. हिच्या तोंडावर राहतच नव्हती. हसली की दिसायची, थांबली की गायब.

"हास."

ती हसली. मी एक रेघ ओढली.

"अजून हास."

"सारखं सारखं कशी हासू? काई तरी सांगा न हासाचं."

मग मी तिला ती पाराजवळची म्हातारी काय म्हणाली ते सांगितलं. ती इतकी हसली, की मला ब्रश बाजूला घ्यावा लागला. डोळ्यांच्या कडेला बारीक जाळं, ओठांभोवती उभ्या रेघा, गालांखाली सावली, भुवया पांढऱ्या, केसांत पांढरी पावडर. अर्ध्या तासानं मी मागं सरून पाहिलं आणि ब्रश खाली ठेवला. समोर कुणी अनोळखी म्हातारी नव्हती. हीच होती, सत्तर वर्षांची. ती खरीच कधी तरी अशी दिसेल आणि ते पाहायला मी असणार नाही. मी तिला एका सकाळीत इथवर आणलं होतं. आणि मधल्या चौदाव्या-पंधराव्या वर्षाला मी कापणीपासून घाबरत बसलो होतो.

"काय झालं, पप्पा? बिघडलं काय?"

"नाई. लय चांगलं झालं."

नाटुकलं दुपारी दोनला सुरू झालं. मैदानात मांडव घातला होता, सगळं गाव आलं होतं. मी स्टेजच्या कडेला कापडामागं उभा होतो. वीस वर्षांत शेकडो नाटकं तिथूनच पाहिली, पण कापड असं मुठीत कधी धरलं नव्हतं. ती काठी टेकत आली, कमरेत वाकून, एक पाय जरा ओढत. मला वाटलं आता ती विसरेल, आता ती हसेल. ती विसरली नाही. लेकाचं काम करणाऱ्या मुलीनं कोट घातला होता. शेवटी लेक म्हातारीला मिठी मारतो. कोटवालीनं ती इतक्या जोरात मारली, की केसांतली सगळी पावडर भसकन उडाली. पांढरा ढग झाला. मांडवात हशा पिकला. मी डोळेच मिटले.

ती थांबली. लोकांचं हसणं ओसरू दिलं. मग कोटवालीच्या खांद्यावर बसलेली पावडर हातानं झटकत म्हाताऱ्या आवाजात म्हणाली, "राहू दे रे बापा. हे आपल्या वावरातली धूळ हाये. धुतल्यानं जात नाई."

हे वाक्य नाटुकल्यात नव्हतं. मग अशी शिटी वाजली, अशा टाळ्या पडल्या, की पुढची दोन वाक्यं कुणाला ऐकूच आली नाहीत. मी कापडामागं एकटाच नाचत होतो. मॅडमनी ते पाहिलं.

संपल्यावर तिनं खोबरेल तेल घेतलं आणि स्वतःच तोंड पुसलं. कापूस तपकिरी झाला आणि खालून तेलानं चकाकणारी तीच माझी तेरा वर्षांची पोर निघाली. आम्ही बांधाबांधानं घरी निघालो. मी पेटी घेतली होती, तिनं काठी. धान निघालेल्या बांधीत, रिकाम्या खाचरात, बगळे उतरले होते. आईला काय सांगायचं, कोण किती हसलं, गुरुजी काय म्हणाले, तिचं तोंड थांबत नव्हतं. मध्येच मी तिला त्या चहाच्या टपरीची गोष्ट सांगितली. का सांगितली ते कळलं नाही, पण सगळी सांगितली.

तिनं काठीनं एक ढेकूळ फोडलं. मग म्हणाली, "मंग त्या मानसाले काई म्हनलं काय तुमी?"

"नाई."

"काऊन?"

"माहीत नाई. म्हनाले पायजे होतं."

"मंग मेकअपची चूक नोती न, पप्पा. त्या मानसाची होती."

"अन् थोडी माही बी," मी म्हणालो.

  पुढच्या बांधावर चढताना तिनं मला हात दिला आणि मी विचारलं, "कोनता रंग पायजे तुले?"

ती जागच्या जागी थांबली. "खरं?"

"खरं. पन माह्या पेटीतलं काहीच नाई. ते रंग नाटकाच्या उजेडाचे आहेत, रोजच्या कातडीचे नाई."

उरलेलं अंतर ती पळत गेली. मी पोचेपर्यंत तिच्या आईला सगळं कळलं होतं.

रविवारी आम्ही तिघं गडचिरोलीला गेलो. मी बायकोला आणि मुलीला घेऊन असा फक्त मजेच्या खरेदीला कधी निघालो होतो ते आठवत नाही. एसटीतच अटी ठरल्या. शाळेत लावायची नाही, असं तिच्या आईचं. लग्नाकार्यात, सणाला, फोटोला चालेल. मैत्रिणींना आपली वापरायला द्यायची नाही आणि झोपायच्या आधी तोंड धुवायचंच, असं माझं. तिची एकच अट होती. "मी लावली का 'पूस, असी नाई, तसी लाव' म्हनाचं नाई." हे ती माझ्याकडं बघून म्हणाली.

दुकानात तिनं डाव्या हाताच्या पाठीवर सात रंग लावून घेतले. तिच्या आईला गुलाबी आवडला, मला फिका. दुकानातल्या बाई दोन्ही पुढं सरकवत होत्या. तिनं हात उजेडात नेला, तिरका केला, जवळ आणला, लांब धरला. मी बायकोला कोपरानं ढोसलं. मी रंग बघतो तो हात अगदी तसाच धरून. तिनं विटकरी रंग घेतला. मीही निवांतपणे बघितलं असतं तर तोच घेतला असता.

मे महिन्यात राजुऱ्याला माझ्या साळ्याच्या मुलीचं लग्न होतं. तिथल्या एका खोलीत, पाच-सहा बायकांच्या गर्दीत, तिनं आरसा खिडकीत टेकवला आणि पहिल्यांदा स्वतःच्या हातानं लिपस्टिक लावली. वरच्या ओठाची डावी बाजू जरा जास्त झाली. माझा हात आपोआप पुढं गेला. मी तो मागं घेतला आणि पाठीशी दुसऱ्या हातात धरून ठेवला. तिनं आरशात पाहिलं, कोपरा करंगळीनं नीट केला आणि माझ्याकडं वळली. वय काही वाढलेलं नव्हतं. तेरा वर्षांची मुलगी सणाला दिसते तशी ती दिसत होती.

"कसी दिसते?"

"चांगली."

ती मंडपात पळाली. खोलीतल्या बायकाही एकेक करून बाहेर गेल्या. मी निघणार, तर माझी बायको खिडकीजवळच्या खुर्चीवर बसली होती, पदर खांद्यावर नीट करून, तोंड उजेडाकडं केलेलं.

"सोळा वर्स झाले लग्नाले," ती म्हणाली. "दुनियाभरच्या बायका रंगवल्या तुमी. माह्या तोंडाले कदी हात लावला काय?"

मला आठवेना. खरंच आठवेना. मी दार लोटलं, खिशातल्या रुमालानं हात पुसले आणि तिची हनुवटी धरून तोंड जरा खिडकीकडं वळवलं.