राशिप्रकाश आणि सुकटीवाल्याचं कापड

चौथी शिकून मासळीच्या धंद्यात पडलेल्या माझ्यासारख्या माणसाला आकाशातलं काय कळणार, हे मोठ्या साहेबांनी पहिल्याच दिवशी ठरवून टाकलं. साठ सालाच्या आसपासची गोष्ट. मिठबावच्या सड्यावर, म्हणजे गावावरच्या कातळपठारावर, तिघेजण एक यंत्र घेऊन उतरले. माघ-फाल्गुनात संधिप्रकाश पुरता विझला, की पश्चिमेला समुद्रावरून फिकट उजेडाचा एक सुळका वर चढतो. सूर्याभोवतीच्या धुळीवर पडलेलं ऊन ते. साहेब त्याला राशिप्रकाश म्हणत. तो कुठे किती उजळ आहे हे मोजून त्यांना नकाशा करायचा होता. आमचे खलाशी तो सुळका बापजाद्यांपासून बघत आलेत. कोणी त्याची फाईल केली नव्हती, एवढंच.

साहेबांना काळोख हवा होता. वद्य पक्षातल्या दहा संध्याकाळी वाडीत एकही दिवा नको. तो सौदा मी जमवला. होड्या परतताना किनाऱ्यावर चूड, म्हणजे सुक्या झावळीची मशाल, पेटवतात, तीही बंद. वाडीतल्या होड्यांचा म्होरक्या, म्हातारा तांडेल, बिथरला. "होडी खडपार आपटली तर तुझो सायब हात देवूक येतलो काय रे?"

मी शब्द दिला, की माझी माणसं पाण्यात उभी राहून हाका घालतील. माझ्या शब्दावर वाडी काळोखात बसली.

यंत्राचं शून्य धरण्यासाठी नळीवर काळं कापड टाकत. आत मिट्ट काळोख. तेव्हा काटा जिथे थांबेल ते शून्य. मग कापड काढून आकाश मोजायचं. मी कोरं जाड कापड आणून देत होतो. भाव ऐकून साहेबांनी नाक मुरडलं आणि बाजारातल्या एका सुकटीवाल्याकडून जुनं काळं कापड निम्म्यात उचललं. घासाघीस मीही करतो, पण वस्तू हातात घेऊन. शिकलेल्या माणसाला स्वस्त मिळालं की झालं.

पाचव्या संध्याकाळी आकडे जुळेनात. कापड टाकलेलं असतानाही काटा रोज थोडा वरच. वाडीतला उजेड कापडातून झिरपतोय असं धरून साहेब तांडेलासमोर मला म्हणाले, "तुमच्या लोकांना दिवे विझवणं जमत नाही आणि तुम्हाला खरं बोलणं."

तांडेल माझ्याकडे वळला. "आयकलंस? तुझ्या सबदार आमची पोरां काळोखात होडी किनाऱ्याक हाडतत, आनि आमीच लबाड?"

माझं डोकं फिरलं. कापड ओढलं आणि डोक्यावरून घेतलं. आधी वास आला. मग डोळे सरावले, तसे हिरवट-निळे ठिपके दिसू लागले. बांगडा शिळा व्हायला लागला की अंधारात चकाकतो; म्हणून तर आम्ही माल काळोख्या खोपीत नेऊन पारखतो. या कापडाखाली वर्षानुवर्षं मासळी झाकलेली. सड्यावरच्या दवाने ते रोज भिजत होतं आणि रोज जास्त चकाकत होतं.

"या साहेब," मी म्हटलं, "तुमचा काळोखच नासलाय."

तांडेल आधी आत शिरला आणि खदखदून हसला. "सायबानू, मोजा मोजा! तुमी बांगडे मोजतास!"

साहेब कापडाखालून बाहेर आले, रुमालाने हात पुसले आणि म्हणाले, "नवं कापड आणा." बस्स. तांडेलाकडे पाहिलंसुद्धा नाही. मी नवं कापड पहिल्याच भावात दिलं, एक पैसा कमी न करता.

उरलेल्या पाच संध्याकाळी काटा शहाण्यासारखा वागला. वर्षाने टपालाने छापील नकाशा आला. खालची बारीक इंग्रजी ओळ मी शाळेतल्या मास्तरांकडून वाचून घेतली: पहिल्या पाच संध्याकाळची मोजणी वगळली आहे, कारण, गावातील दिव्यांचा अडथळा.

तीन माणसं, एवढं मोठं यंत्र, आणि चार शब्द खरे लिहायची हिंमत नाही.

मी तो नकाशा माझ्या मासळीच्या दुकानात दर्शनी भागात ठोकला. ती ओळ तांबड्या शाईने खोडून खाली लिहिलं, 'वाडीत दिवा नव्हता. साहेबांचं कापड कुजकं होतं.' तांडेलाला वाचता येत नव्हतं. दुकान गिऱ्हाइकांनी भरलेलं असताना तो आला आणि बोट ठेवून म्हणाला, "हय काय लिवलंस?"

मी वाचून दाखवलं.

"आनि एकदा वाच," तो म्हणाला. "मोठ्यान."