लांब धनुष्य की आखूड

मला इथे सांभाळलं ते आमच्या वरच्या मजल्यावरच्या आजोबांनी, हे आधी सांगून टाकतो. ते माझे कोणी लागत नाहीत. जर्मन आहेत, कारखान्यातून निवृत्त झालेले. बायको गेली, मुलगी लांब उत्तरेकडे असते. नाव लिहिलेलं त्यांना आवडणार नाही, म्हणून आजोबाच म्हणतो. समोर मी त्यांना ओपा म्हणतो, त्याचा अर्थही तोच. पुढे जे लिहिणार आहे त्यात माझा गोंधळच जास्त आहे. तेव्हा निदान एवढं तरी सरळ लिहावं, की त्यांनी धरलं नसतं तर मी जर्मनीतल्या या कायझर्सलाउटर्न गावात टिकलो नसतो.

मी मूळचा साताऱ्याच्या बाजूचा. नववीत शाळा सोडली, हायवेवरच्या ढाब्यात लागलो, तिथून पुण्यातल्या हॉटेलात आणि तिथून इथे, तंदूरवर. शाळा लवकर सुटली की माणसाला एक सवय लागते, निदान मला लागली. कोणी प्रश्न विचारला की मी उत्तर शोधत नाही, विचारणाऱ्याचं तोंड बघतो. त्याला काय ऐकायचं असेल ते ओळखायचं आणि तेवढं बोलून मोकळं व्हायचं. मालकाशी, गिऱ्हाइकाशी, सासऱ्यांशी, सगळ्यांशी माझं असंच जमलं. जर्मनीत मात्र अडलं. इथल्या माणसांच्या तोंडावर काही लिहिलेलं नसतं.

पहिल्याच हिवाळ्यात आमच्या रेस्टॉरंटचा मालक बदलला. माझा परवाना जुन्या मालकाच्या नावावर. आता इथे राहायचं की परत जायचं, कोणी नीट सांगेना. मी कामावर निघायचो आणि जिन्यातच बसून राहायचो, बूट घालून, हात थरथरत. आजोबांनी तिथे मला पाहिलं. काय झालं म्हणून विचारलंसुद्धा नाही. दुसऱ्या दिवशी टोपी घालून दाराशी उभे राहिले आणि माझ्याबरोबर आउसलेंडरबेहोर्डेत आले. परदेशी लोकांच्या त्या कचेरीत सगळी सकाळ माझ्या शेजारी बसले. खिशातून ब्रेड काढला, अर्धा मला दिला. आमची पाळी आल्यावर बोलले तेच. काय बोलले ते मला आजही पूर्ण माहीत नाही. परवाना झाला एवढं खरं.

त्यानंतरच्या सोमवारी ते मला जंगलात घेऊन गेले. सोमवार आमचा रुहेटाग, म्हणजे रेस्टॉरंटची सुट्टी. मला वाटलं, फिरायला चाललोय. गाडीच्या डिकीतून त्यांनी धनुष्य काढलं तेव्हा मी दोन पावलं मागे सरलो.

आपल्याकडे कॅलेंडरावर रामाच्या खांद्याला असतं तसलं धनुष्य नव्हे हे. याला दोन्ही टोकांना चाकं असतात, दोरी त्यांच्यावरून फिरते. ओढायला लागलं की आधी खूप जड जातं, हात तुटेल असं वाटतं. आणि पूर्ण ओढलं की एकदम हलकं होतं. सगळा भार चाकं घेतात, आपण फक्त धरून उभं राहायचं. त्यांच्या क्लबने जंगलात पायवाटेच्या कडेने फोमची जनावरं उभी केली आहेत, कुठे रानडुक्कर, कुठे हरीण. त्यांच्यावर नेम धरायचा. ओढ, थांब, श्वास सोड, मग बाण सोड, एवढंच आजोबांनी शिकवलं. त्या हलक्या होण्याच्या क्षणाला माझे हात थरथरायचे थांबायचे. मग मी दर सोमवारी जायला लागलो.

आजोबा खरे शिकारी. जर्मनीत जनावरावर धनुष्य चालवायला बंदी आहे. फ्रान्समध्ये चालतं. त्यासाठीचं तिथलं वेगळं शिक्षण त्यांनी घेतलंय. सीमेपलीकडे त्यांच्या एका मित्राचं शिकारीचं रान आहे, तिथे ते दर शरद ऋतूत एकदा जातात. एक हरीण, तेही मिळालं तर. जनावर पडलं की ते त्याच्या तोंडात हिरवी डहाळी ठेवतात. हा त्याचा शेवटचा घास, असं त्यांनी सांगितलं तेव्हा मला आमच्या आजीच्या तोंडात ठेवलेलं तुळशीपत्र आठवलं. मग शिकारीची मला वाटायची ती भीती थोडी कमी झाली.

यंदाच्या दसऱ्याच्या आदल्या आठवड्यातली गोष्ट. आजोबा दोन धनुष्यं घेऊन माझ्या खोलीत आले आणि दोन्ही जेवणाच्या टेबलावर ठेवली. एक त्यांचं जुनं, लांब. दुसरं आखूड, गेल्या वर्षी हौसेने घेतलेलं, काळं, सुबक, एका हातात मावेल असं.

"कुठलं?" ते म्हणाले. "एक माझ्याबरोबर जाईल. एक तुझ्याकडे राहील."

मी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. नेहमीसारखंच, काही लिहिलेलं नाही.

आता हे मला काय विचारतायत? मला कुठलं हवं ते, की त्यांनी कुठलं न्यावं ते? की मी हावरट आहे का ते बघतायत? आपल्याकडे मोठं माणूस काही द्यायला लागलं की आपण नको म्हणायचं. मग त्यांनी आग्रह करायचा. मग आपण लहानातलं लहान उचलायचं. म्हणून मी म्हणालो, "ओपा, तुम्ही द्याल ते."

"हे उत्तर नाही," ते म्हणाले.

मग मी विचार केला, नवं आणि भारी ते त्यांच्याकडे असावं. म्हटलं, आखूड तुम्ही न्या, मला जुनं चालेल. त्यांनी भुवई उंचावली आणि विचारलं, का? आता का म्हणजे काय. शाळेतला जुना घाम मला परत फुटला. मी काहीतरी बोललो, बहुधा, ते छान दिसतं म्हणून. आजोबा उठले. "आल्झो, बरं तर, सोमवारपर्यंत विचार कर," म्हणाले, आणि दोन्ही धनुष्यं तशीच टेबलावर सोडून गेले. आठवडाभर मी ताट मांडीवर घेऊन जेवलो.

आमच्याकडे शनिवार-रविवारी वाढायला एक मुलगी येते. पुण्याची, इथल्या विद्यापीठात पीएचडी करते. मी तिला ताई म्हणतो, ती मला दादा. कांदा चिरता चिरता मी तिला सगळं सांगितलं. तिने फोनवर जरा वाचलं, मला चार प्रश्न विचारले आणि समजावलं. आखूड धनुष्य हलकं, झाडीत अडकत नाही, मचाणावर वळवायला सोपं, पण हात जरासा हलला तरी ते माफ करत नाही. लांब जड असतं, फांदीला आपटतं, पण नेमावर शांत बसतं. शिवाय तुझे हात आखूड, आजोबा उंच.

"मग लांब त्यांना, आखूड तुला. यात आठवडाभर जेवण सोडण्यासारखं काय आहे?"

"जेवण नाही सोडलं. टेबल सोडलंय."

"दादा, भाजीत मीठ कमी आहे म्हटलं की तू भांडतोस माझ्याशी. त्यांच्यापुढे का गोगलगाय होते तुझी?"

मी म्हटलं, ते मचाणावर बसतात, म्हणून तर त्यांनी आखूड घेतलं. त्यांना ते आवडतं. ती म्हणाली, मग त्यांनी तुला कशाला विचारलं? आणि सहा नंबरच्या टेबलाकडे निघून गेली.

तेच तर मला कळत नव्हतं. पण एक गोष्ट होती जी मी ताईलाही सांगितली नाही.

जंगलात आमची एक रीत झाली होती. आजोबांचा गुडघा दुखतो, म्हणून बाण काढायला मी पुढे जायचो. लांबून त्यांना बाण नीट दिसत नाही. ते मागून विचारायचे, "कुठे?" आणि मी ओरडायचो, "लागला, ओपा." आणि तो लागलेला असायचाच. पण उन्हाळ्यापासून त्यांचा डावा हात, धनुष्य धरायचा, बारीक हलायला लागला होता. लांब धनुष्य त्या हातातही जागेवर बसायचं, बाण पुढच्या पायामागे जायचा, जिथे जायला हवा तिथे. आखूड धनुष्याचे बाण मात्र मागे सरकत चालले होते. पोटात. फोमच्या डुकराला काय, ते उभंच राहतं. पण आजोबांनीच शिकवलेलं, पोटात लागलेलं जनावर पडत नाही. ते पळतं, आणि कुठेतरी झुडपात रात्रभर जिवंत राहतं. अशा बाणापेक्षा न मारलेला बाण बरा, असं ते म्हणायचे.

पण ज्या माणसाने माझा थरथरणारा हात धरला त्याला मी तोंडावर सांगू, की तुमचा हात आता थरथरतो? आमच्या घरात असलं कोणी बोलत नाही. माझ्या सख्ख्या आजोबांची दाढी एका गालावर राहिली तर सगळे दुसऱ्या गालाकडे बघून बोलायचे. यालाच आम्ही मान राखणं म्हणतो.

सोमवार उजाडला तो नेमका खंडेनवमीचा. दरवर्षी मी या दिवशी माझ्या सुऱ्यांची पूजा करतो. त्या दिवशी टेबलावर धनुष्यंही होतीच. हत्याराला वगळून पूजा कशी करायची? सुऱ्यांच्या मागे दोन्ही धनुष्यं मांडली, हळदकुंकू वाहिलं, दोरीला लागू नये म्हणून जपून, फक्त मधल्या मुठीवर. झेंडू बाल्कनीतला. उदबत्ती लावतोय तोवर आजोबा आले. त्यांनी टेबल पाहिलं आणि टोपी काढली, चर्चमध्ये काढतात तशी.

त्यांनी विचारलं, हे काय? मी सांगितलं, ज्यांच्यावर आपलं पोट चालतं त्या हत्यारांना आज नमस्कार करायचा. आज ती वापरायची नाहीत, विश्रांती द्यायची. आणि उद्या, दसऱ्याला, सीमा ओलांडायची. पूर्वी लोक पूजा करून मोहिमेवर निघायचे.

"उद्या मी सीमा ओलांडणारच आहे," ते म्हणाले. थोडा वेळ दोन्ही मुठींवरच्या कुंकवाकडे बघत राहिले. "मग आज आपण नेम मारायचा नाही?"

मला वाटलं चुकलं. शेवटचा सरावाचा दिवस मी माझ्या पूजेत घालवला. मी म्हणायला लागलो, नाही नाही, तुम्हाला हवं असेल तर घ्या, देव काही म्हणत नाही.

"नको. मला मारून बघायची गरज नाही," ते खुर्चीवर बसत म्हणाले. "सगळे बाण तूच काढतोस. म्हणून तुला विचारतोय. कुठलं?"

म्हणजे हा तो प्रश्न होता. मला काय हवं, हे कोणी विचारलंच नव्हतं. आठवडाभर मी नको-नको म्हणायची तयारी करत होतो, आणि ते विचारत होते, माझे बाण कुठे जातात.

मी सुऱ्या सरळ केल्या. त्या सरळच होत्या. मग आजोबांकडे न बघता म्हणालो, "आखूड धनुष्याचे पोटात जातात, ओपा."

"कधीपासून?"

"उन्हाळ्यापासून."

"आणि लांब?"

"ते बरोबर."

उदबत्तीची राख वाकून ताटात पडली. मला वाटलं, आता हा माणूस उठून जाईल आणि जिन्यात भेटला तर फक्त गुटेन टाग, नमस्कार, एवढंच म्हणेल. मी सांगायला लागलो, की मी चुकीचं पाहिलं असेल, की पोटातले ते बाण माझेही असू शकतील. त्यांनी हात वर करून मला थांबवलं.

"गेनाऊ, अगदी बरोबर," ते म्हणाले. "मलाही तसं वाटत होतं. पण मला दिसत नाही, आणि तू सारखा म्हणायचास, लागला."

त्यांच्या आवाजात राग होता की नाही, मला सांगता येणार नाही. मचाणाचं काय, असं मी विचारलं. तर म्हणाले, यंदा जमिनीवर बसेन, झुडपाआड, मित्राला सांगतो. मग त्यांनी विचारलं, आता उचललं तर चालेल का? मी म्हटलं, उद्या सकाळी. ते म्हणाले, बरं, मग उद्या सकाळी.

दसऱ्याला पहाटे ते लांब धनुष्य न्यायला आले. इथे आपट्याचं झाड कुठलं. मी रस्त्यावरच्या, इथे बीच म्हणतात त्या झाडाचं पिवळं पान त्यांच्या हातात दिलं, हे सोनं म्हणून सांगितलं आणि वाकून नमस्कार केला. त्यांना वाटलं माझं काही पडलंय, तेही खाली वाकून शोधायला लागले. मग पान टोपीत खोचायला गेले आणि थांबले. टोपीत पान शिकार झाल्यावरच लावतात, म्हणाले, आणि ते कोटाच्या खिशात ठेवलं.

दोन दिवसांनी परत आले. हरीण आलं होतं, म्हणाले, अगदी जवळ. त्यांनी ओढलं, थांबले. नेम काही जागेवर बसेना, म्हणून त्यांनी दोरी हळूहळू परत सैल केली. हरीण चरलं आणि गेलं. एवढंच सांगून ते जिना चढायला लागले. पाठीमागून मला दिसलं, पान टोपीत होतं.

त्याचा अर्थ काय लावायचा, मला कळलेलं नाही. मी त्यांचं काही वाचवलं की काही काढून घेतलं, हेही कळत नाही. लांब धनुष्यावरही त्यांचा नेम बसला नाही, मग मी सांगून उपयोग काय झाला? ताई म्हणते, दादा, हरणाला विचार. आखूड धनुष्य माझ्या खोलीत कोपऱ्यात आहे, मुठीवर थोडं कुंकू अजून आहे. माझ्या हाताला ते बरोबर बसतं. मी ते मागितलं नव्हतं, आणि मिळालं ते अशा कारणाने, की त्याच्याकडे बघून आनंद व्हावा की वाईट वाटावं तेही ठरत नाही.

सोमवारी आम्ही परत जायला लागलोय. मी बाण काढायला पुढे जातो. मागून ते विचारतात, "कुठे?" आणि मी जिथे लागला तिथलं सांगतो. पोटात असेल तर पोटात म्हणून सांगतो.

ओपा, हे तुम्ही वाचणार नाही, तुम्हाला ही लिपी येत नाही. तरी लिहून ठेवतो. त्या सकाळी कचेरीत तुम्ही माझ्या शेजारी बसलात, त्याची परतफेड मी कधीतरी करीन. लांब धनुष्यही ओढवेनासं होईल, तेव्हा मी टोपी घालून तुमच्या दाराशी येईन. तुम्हाला जंगलात नेईन, शेजारी बसेन, आणि खिशातला ब्रेड अर्धा तुम्हाला देईन.