अल्माटीच्या गटारीतला नारळ

माझं अक्षर वाईट आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधी जमलं नाही. चौथीपर्यंत शाळा झाली, त्यानंतर आईबरोबर मासळी विकायला बसले. चुका सांभाळून घ्या.

तुमचं भुताखेतांच्या अनुभवांचं पान मी वाचते. विकत घेऊन नाही — सुकटीच्या पुड्या बांधायला रद्दी येते, त्यात येतं. पांढऱ्या साडीतली बाई, वळणावर लिफ्ट मागणारा माणूस... वाचते आणि त्याच कागदात बोंबील बांधून देते. असल्या गोष्टींवर माझा कधी विश्वास नव्हता. आमच्या वाडीत अंगात येणाऱ्या बायका आहेत, त्यांच्या अंगात नेमकी भांडी घासायची वेळ झाली की येतं. तेव्हा मी कसली आहे ते ओळखा. पण हे माझ्या बाबतीत झालं, म्हणून लिहिते. तोंडाने सांगायला मला जमत नाही, चार माणसं समोर आली की माझा आवाज बसतो.

मी खाडीकाठच्या सारसोळ्याची. नवरा गेल्यावर त्यांची होडी विकली. ते पैसे मी ठेवले होते, कारण नवीन मासळी बाजारात गाळा मिळणार होता आणि अनामत भरायची होती. गाळा म्हणजे डोक्यावर छप्पर, पायाखाली लादी. नाहीतर आहेच मरेपर्यंत फुटपाथ. त्याच वेळी माझे दीर आले. ते महाप्याला एका कंपनीत सुपरवायझर आहेत, राहतात सीवूड्सला, सातव्या मजल्यावर. त्यांची मुलगी प्राची परदेशात, अल्माटीला डॉक्टरकी शिकायला निघाली होती, फी कमी पडत होती. "वयनी, होळीपर्यंत दे," म्हणाले. मी दिले. होळी गेली. दुसरी होळी पण गेली. मध्ये त्यांच्याकडे नवीन गाडी आली.

आमच्या घरात तेव्हापासून त्या शहराशिवाय विषय नव्हता. जाऊबाईंना ठाणे कुठल्या दिशेला आहे ते सांगता यायचं नाही, पण अल्माटी तोंडपाठ. आधी तिथे रशियन लोकांचा किल्ला होता, मग भूकंपात गाव पडलं, परत बांधलं. नावातच सफरचंद आहे. लोक घोड्याचं मटण खातात, घोडीचं दूध आंबवून पितात. बाजारात कोरियाच्या बायका लोणची विकतात, त्यांच्या आजा-पणज्यांना कधी काळी सरकारने गाडीत भरून तिकडे आणून टाकलं होतं. राजधानी दुसऱ्या गावाला नेली, तरी बँका आणि तेलाच्या कंपन्या तिथेच राहिल्या, पैसा हलला नाही. हे ऐकून मी मनात म्हटलं, शहाणं शहर आहे. पैसा कसा धरून बसायचा ते आमच्या भाऊजींनाही येतं.

नारळी पौर्णिमेला सगळे जेट्टीवर आलो. प्राची सुट्टीला आली होती, डोळ्याला गॉगल, हातात मोबाईल. बायका तिच्याभोवती जमल्या.

"तिकडे पत्ता सांगताना डावं-उजवं नसतं," ती सांगत होती. "वर नाहीतर खाली. वर म्हणजे बर्फाचे डोंगर. शहर सगळं उतारावर आहे. रस्त्याच्या कडेने छोटे पाट वाहतात, त्याला अरीक म्हणतात."

"म्हंजे गटार," शेजारची हिराआत्या म्हणाली.

"गटार नाही गं आत्या, बर्फाचं स्वच्छ पाणी असतं."

"आनि दर्या?"

"समुद्र नाहीच. नद्यापण समुद्राला मिळत नाहीत. लांब एक मोठं तळं आहे, अर्धं गोड आणि अर्धं खारं. त्यात जातात."

"मंग नारळ कुठं सोडता?"

सगळ्या हसल्या. मी ती संधी साधून भाऊजींच्या जवळ गेले. "भाऊजी, ते गाळ्याचं... दिवाळीपर्यंतच मुदत आहे."

"सणाच्या दिवशी पैशाची गोष्ट काढतात का वयनी? पोरगी डॉक्टर झाली की तुझं सगळं औषधपाणी फुकट."

म्हणजे मी मरायला टेकले की मला व्याज मिळणार. पण हे मी बोलले नाही. मी कधीच बोलत नाही.

माझा नारळ मी घरूनच बांधून आणला होता. नवऱ्याच्या जाळ्याची निळी नायलॉन दोरी शेंडीला गुंडाळून गाठ मारली होती. आता ही गाठ नीट समजून घ्या. माझे यजमान डावरे होते. जाळं विणताना त्यांची गाठ उलटी बसायची, त्यावरून सगळे त्यांना हसायचे. मी त्यांच्याकडून शिकले म्हणून माझीही उलटीच बसते. साऱ्या वाडीत तशी गाठ दुसऱ्या कुणाची नाही.

नारळ सोडताना आम्ही गाऱ्हाणं घालतो. मी मनातच घातलं, ओठ पण हलवले नाहीत. म्हटलं, जिथे माझी होडी गेली त्या दारात जा. ओहोटी लागली होती. नारळ पुलाकडे वाहत गेला तो दिसेनासा होईपर्यंत मी बघत होते. मग घरी येऊन नारळीभात केला आणि विसरले.

प्राची परत गेली. गणपतीही झाले. एका दुपारी मी सुकट निवडत बसले होते, तेव्हा तिचा व्हिडिओ कॉल आला. तिने मला कधी फोन केला नव्हता. तोंड पांढरं पडलं होतं.

"काकी, हे बघ," म्हणून तिने फोन फिरवला. हॉस्टेलच्या फाटकापाशी पाट, त्यावर लोखंडी जाळी, आणि फाटकावरच्या म्हातारीच्या हातात नारळ. शेंडी होती. निळी दोरी होती. "जाळीला अडकला होता. आजीने काढला आणि मला हाक मारली, तुमच्या देशाची वस्तू आहे म्हणाली. काकी, ही काकांची गाठ आहे ना?"

लहानपणी ती यांच्या मांडीवर बसून जाळं विणताना बघायची. मी म्हटलं, "जवळ धर." उलटी गाठ होती. शेंडीत काळा चिखल होता.

"वास घे," मी म्हटलं.

तिने घेतला आणि रडायला लागली. "आपल्या खाडीचा येतोय."

मग ती शांत झाल्यावर मी तिला गाऱ्हाणं सांगितलं. एवढं सरळ मी आयुष्यात कुणाशी बोलले नसेन.

"पण बाबा तर म्हणाले, पहिल्या होळीलाच तुझे पैसे दिले."

मी नुसती मान हलवली, नाही म्हणून.

"नारळाचं काय करू?" तिने विचारलं.

"देवाला दिलेला आहे, फोडू नकोस. पाण्यात सोड परत."

"काकी, हे पाणी समुद्राला जात नाही."

"आला तर होता ना."

तिने सोडला. उतारावर होता, झरकन गेला.

त्यानंतर सगळे शहाणे झाले. भाऊजी म्हणाले, प्राचीनेच बॅगेतून नेला असेल. खाडीत गेलेला नारळ तिने काय पोहत जाऊन आणला? जाऊबाई म्हणाल्या, तिकडच्या मॉलमध्ये नारळ मिळतात. मिळत असतील, सोललेले, शेंडीशिवाय. वाडीतल्या भगताला कळलं तसा तो धावत आला, उतारा काढायला कोंबडा मागत होता. कोंबडा त्यालाच खायचा होता, हे सांगायला भगत लागत नाही. मला स्वतःला विचाराल तर काही सांगता येत नाही. पाणी उताराला जातं एवढं मला कळतं, आणि ते पाणी तर डोंगरावरून खाली येत होतं. गाऱ्हाणं घालताना माझ्या डोक्यात सीवूड्सचं दार होतं. होडीचे पैसे खरे कुठे गेले ते माझ्यापेक्षा नारळाला जास्त माहीत होतं, एवढंच.

प्राचीने बापाशी बोलणं टाकलं. म्हणाली, काकीला पैसे परत मिळेपर्यंत मी फोन उचलणार नाही. नवरात्रात गाडी विकली गेली. अर्धे पैसे तेव्हा आले. उरलेले घेऊन भाऊजी दिवाळीच्या आधी माझ्या फुटपाथवर आले, नाकाला रुमाल लावून. ज्या वासावर लहानाचे मोठे झाले, त्याच वासाला. पुडकं तराजूत टाकलं आणि निघाले.

"थांबा भाऊजी," मी म्हटलं. हिराआत्या आणि सगळ्या बायका बघत होत्या, तरी आवाज बसला नाही.

त्यांच्यासमोर मोजले. दोनदा मोजले. पूर्ण होते.