विहिरीला वॉटरप्रूफिंग

काळा दगड दिसला की चकाचककाकांचा हात शिवशिवायचा. आधी ते त्या दगडावरून बोट फिरवायचे, मग ते बोट डोळ्यांपुढे धरून बघायचे आणि मान हलवून म्हणायचे, ‘किती वर्षांचा मळ आहे हो हा!’ तो मळ नाही, तो दगडाचा रंगच आहे, हे मी त्यांना शंभरदा सांगितलं असेल. पालथ्या घड्यावर पाणी. गेल्या वर्षी काका गेले, आणि गल्लीतल्या सगळ्यांनी त्यांच्याबद्दल इतकं गोड गोड बोलून घेतलं की मला राहवेना. मृत माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. मी त्यांच्या तोंडावर रोज बोलत होते, त्यामुळे मला ती अट लागू नाही.

पनवेलच्या जुन्या भागात, तळ्यामागच्या गल्लीत आमचं शंकराचं देऊळ आहे. लहानसंच आहे. ते कुणी बांधलं ठाऊक नाही, पण ज्यांनी बांधलं त्यांना घाई नव्हती एवढं नक्की. दगडावर दगड असा बसवलाय की मधे नख जात नाही. समोर नंदी, कासव, दीपमाळ, आणि बाजूला पायऱ्यांची विहीर. मी शाळेत चित्रकला शिकवायचे तेव्हा दर वर्षी मुलांना त्या विहिरीवर स्केचिंगला घेऊन यायचे. काका जन्मभर एका कारखान्यात स्टोअरकीपर होते. रिटायर झाले आणि देवस्थानच्या कमिटीवर आले. शंकराच्या कपाळी तिसरा डोळा आहे, तरी त्याला हे आधी दिसलं नाही.

पहिला बळी नंदीचा गेला. त्याला पांढरा ऑइलपेंट, पापण्यांना काळा, जिभेला गुलाबी. बिचारा भर दुपारी तमाशाला निघाल्यासारखा दिसू लागला. मग कासव पोपटी झालं. मग दीपमाळेला चंदेरी रंग लागला आणि ती रस्त्यावरच्या दिव्याच्या खांबासारखी चमकू लागली. मी म्हटलं, ‘काका, हिला मीटर कधी बसवताय?’ तर ते मनापासून हसले आणि म्हणाले, ‘बाई, टिंगल करा, पण झालं की नाही चकाचक?’ हा त्यांचा शब्द. देवाला हार घातला तरी चकाचक, गटार उपसलं तरी चकाचक. गल्लीने त्यांना हेच नाव ठेवलं, आणि त्यांना त्याचा अभिमान होता.

त्यांची काशी म्हणजे उलवे. दर महिन्याला ते तिथे मुलाच्या नव्या फ्लॅटवर जायचे आणि परत आले की आठवडाभर भारावलेले असायचे. ‘विमानतळाशेजारी काय एकेक टॉवर उठलेत, बाई! लॉबीत शिरलं की आपलं तोंड दिसतं फरशीत.’ मी म्हटलं, ‘तोंड बघायला घरात आरसा नाही का?’ एकदा येताना ते टेम्पो घेऊनच आले. तिथल्या कुठल्याशा बिल्डरने उरलेल्या टाइल्स देवाच्या नावाने दिल्या होत्या. आठवडाभरात गाभाऱ्याच्या बाहेरच्या भिंती छातीपर्यंत निळ्या झाल्या. टाइल्स बाथरूमच्या होत्या. वरच्या पट्टीवर डॉल्फिन उड्या मारत होते. शंकराला नाग चालतो, नंदी चालतो, पण डॉल्फिन? काका म्हणाले, ‘गंगा आहेच ना त्याच्या डोक्यावर! मासे असणारच.’ 

हे सगळं सांगताना एक गोष्ट लपवली तर पाप लागेल. हा माणूस पहाटे उठून देवळाचं आवार स्वतः झाडायचा. नंदीला स्वतःच्या पंच्याने पुसायचा. कमिटीतले बाकीचे सत्कारापुरते यायचे, काका नळ गळतोय का हे बघायला यायचे. आणि माझी आई अंथरुणाला खिळल्यापासून ते रोज सकाळी विहिरीचं पाणी कळशीत भरून आमच्या दारात आणून ठेवायचे. आईला सगळी गल्ली माई म्हणायची. लग्न होऊन या गल्लीत आल्यापासून ती त्या विहिरीचंच पाणी प्यायली होती. दुसरं पाणी तिच्या घशाखाली उतरत नसे. नळाच्या पाण्याला ती ‘औषध’ म्हणायची. माझे गुडघे गेलेले, पायऱ्या उतरणं मला होईना. काकांना कुणी सांगितलं नव्हतं. एक दिवस ते कळशी घेऊन आले आणि मग येतच राहिले. दारातून हाक मारायचे, ‘माई, आजचा माल आला!’ आई आतून म्हणायची, ‘ठेवा भाऊ, देव बरं करो.’ मला त्यांचा राग पुरता राग म्हणून करता आला नाही तो या कळशीमुळे.

आणि नेमकी त्या विहिरीवर त्यांची नजर गेली.

एका उन्हाळ्यात गाळ काढायला पाणी उपसलं, तेव्हा काका पायऱ्या उतरून तळाशी गेले आणि घाबरेघुबरे वर आले. ‘बाई, सगळ्या भिंतीला गॅप आहेत! दगडांच्या मधे काही भरलेलंच नाही. झाडं उगवलीत. एक दिवस कोसळेल ही.’ मी म्हटलं, ‘काका, वरच्या थरांत चुना आहे. खालचे सांधे मुद्दाम मोकळे ठेवलेत. पाणी तिथून तर येतं.’ ते माझ्याकडे अशा कीव आल्यासारख्या नजरेने बघत राहिले, की जणू मी चित्रकलेची बाई आहे आणि माझ्याकडून याहून जास्त अपेक्षा करण्यात अर्थ नाही. ‘त्या काळी सिमेंट नव्हतं, म्हणून राहिलंय ते काम,’ ते म्हणाले. म्हणजे बांधणारे अर्धवट काम टाकून निघून गेले आणि शेकडो वर्षांनी पनवेलच्या स्टोअरकीपरने ते पुरं करायचं, असा एकंदर हिशेब होता.

उरणकडचा एक मिस्त्री आला. सांधे भरायला सुरुवात झाली. पण विहीर मुकाट्याने मरायला तयार नव्हती. सकाळी थापलेलं सिमेंट दुपारपर्यंत पाझराने वाहून खाली यायचं. मी काठावरून बघत होते. मिस्त्री कपाळाला हात लावून म्हणाला, ‘काका, पानी थांबत नाय. आतून जोर हाय त्याला.’

‘अरे, येतंय म्हणूनच तर बंद करायचं! लीकेज आहे ते!’

‘पन इहीर हाय ना ही?’

‘विहीर आहे म्हणून काय झालं? ओल मुरली की बांधकाम जातं.’

मिस्त्रीने माझ्याकडे बघितलं, मी त्याच्याकडे. मग त्याने खांदे उडवले. त्याला काय, रोज मिळत होता. दुसऱ्या दिवशी काकांनी गच्चीला लावतात ते झटपट घट्ट होणारं केमिकल आणलं. पाझरांत आधी चिंध्या कोंबल्या, वर केमिकल, वर गिलावा, तळाला कोबा, आणि या सगळ्यावर आकाशी रंग. विहिरीला वॉटरप्रूफिंग करणारा माणूस जगात दुसरीकडे झाला असेल असं मला वाटत नाही. उद्घाटनाला पाहुणे आले, संगमरवरी पाटी लागली, पेढे वाटले. मी पेढा परत केला.

पावसाळ्यात आभाळातलं पाणी त्या हौदात साचलं, हिरवं झालं आणि वास मारू लागलं. दिवाळीला पंप लावून ते काढून टाकलं. मग सगळे नव्या पाण्याची वाट बघत बसले. पाणी यायला वाट ठेवली होती कुठे? काका रोज डोकावायचे आणि म्हणायचे, ‘सेटिंग होतंय अजून.’ पुढे पुढे तेही म्हणेनासे झाले. गल्लीतली पोरं तळाशी क्रिकेट खेळू लागली.

कळशी मात्र एक दिवसही चुकली नाही. तीच तांब्याची कळशी, तीच वेळ, तीच हाक. मी खिडकीतून बघत होते. काका देवळामागच्या नळावर ती भरत होते. असा संताप आला म्हणता! स्वतःच्या मूर्खपणावर पांघरूण घालायला हा माणूस एका आजारी बाईला फसवतोय. एकदा चांगलं फैलावर घ्यायचं ठरवून मी दारात उभी राहिले. काका आत आले, कळशी टेकवली. तेवढ्यात आईच बोलली.

‘भाऊ, विहीर आटली का हो?’

‘छे, छे! भरली आहे की, माई. काठोकाठ.’

‘मग नळाचं का आणता?’

आई पावसाळ्यापासून ते पाणी पीत होती आणि एका अक्षराने बोलली नव्हती. ‘तुम्ही इतक्या प्रेमाने आणता, नको कसं म्हणू?’ ती म्हणाली. ‘पण जायच्या आधी एकदा आपल्या विहिरीचं मिळालं असतं तर बरं झालं असतं.’ आणि कुशीवर वळली. मी पाठ केलेली सगळी वाक्यं गिळून टाकली. काका रिकाम्या हाताने पायऱ्या उतरून गेले, चपला घालायच्या विसरले.

त्याच संध्याकाळी ते कमिटीपुढे गेले. गिलावा काढायचा म्हणाले. कमिटीने त्यांना वेड्यात काढलं. पाटीवर पाहुण्यांची नावं कोरली होती, आता काम फोडायचं म्हणजे पाहुण्यांचा अपमान. एकजण म्हणाला, ‘काका, वॉटरप्रूफिंगची गॅरंटी जाईल!’ काका उठून निघाले.

सकाळी विहिरीतून ठकठक ऐकू आली. मी काठीच्या आधाराने काठापर्यंत गेले. काका तळाशी उभे राहून छिन्नीने गिलावा फोडत होते. या माणसाने नोकरीभर सही घेऊन लोकांना छिन्न्या दिल्या, स्वतःच्या हातात कधी धरली नाही. हातोडी छिन्नीपेक्षा अंगठ्यावरच जास्त बसत होती. मी वरून म्हटलं, ‘काका, शोभत नाही या वयात.’

‘बाई, टोमणे नंतर. सांधा कुठे आहे तेवढं सांगा.’

मला तो दगड न् दगड पाठ होता. मी वरून सांगत गेले, डावीकडे, अजून खाली, हां तिथे. रोज सकाळी आमचं हे चालायचं. मिस्त्रीला परत बोलावू म्हटलं तर ते ऐकेनात. एकदा त्यांनी गिलाव्याचा मोठा तुकडा पाडला आणि खालच्या उघड्या दगडावर तळहात फिरवत राहिले. ‘बाई, ब्लेडसुद्धा जात नाही हो इथे. आणि पाणी यायला बरोब्बर जागा ठेवलीय. हे त्यांनी मुद्दाम केलं होतं?’

‘मी दुसरं काय सांगत होते?’

‘मग तिथे एक बोर्ड लावायचा ना!’ काका चिडून म्हणाले. ‘एवढं डोकं होतं, तर दोन ओळी लिहून ठेवायला काय झालं होतं? माणसाला कळणार कसं?’ सुधारणं त्यांच्या रक्तात नव्हतं. मी हसले, आणि मला त्या क्षणी हा माणूस फार आवडला, हे सांगून टाकते.

फाल्गुन संपत आला तसं आईचं बोलणं थांबलं. डॉक्टर म्हणाले, आता बोलवायचं त्यांना बोलवा. पुण्याहून माझा भाऊ निघाला. त्या सकाळी काका दारात आले. केसांत सिमेंट, अंगठ्याला चिंधी. हातात कळशी नव्हती, छोटा तांब्या होता. ‘एका सांध्यातली चिंधी निघाली,’ ते म्हणाले. ‘एवढंच जमलंय.’

पाणी गढूळ होतं. मी गाळून घेतलं नाही. चमच्याने आईच्या ओठांत सोडलं. पहिला चमचा हनुवटीवरून ओघळला, दुसरा तिने गिळला. काका उंबऱ्याबाहेरच उभे होते.

‘काही म्हणाल्या का?’

त्यांच्या प्रत्येक वाक्याला माझ्याकडे तयार उत्तर असायचं. मी म्हटलं, ‘नाही, काका. पण गिळलं.’

त्यांनी मान हलवली. ‘वरच्या सांध्यातलं आहे. खालचे मोकळे केले की नितळ येईल,’ म्हणाले आणि रिकामा तांब्या घेऊन गेले.

दुपारी आई गेली. घर माणसांनी भरलं. कुणी रडत होतं, कुणी फोन करत होतं, आणि विहिरीतून सारखी ठकठक येत होती. माझा भाऊ वैतागला. ‘त्या म्हाताऱ्याला कुणीतरी थांबवा रे! घरात माणूस गेलंय, काही रीतभात आहे की नाही?’

कुणीतरी जायला उठलं. मी त्याचा हात धरून त्याला खाली बसवलं.

‘कुणी जाऊ नका,’ मी म्हटलं. ‘चालू दे त्यांचं.’