बाईंचे जमादार

सातारच्या एसटी स्टँडवर कोरेगावच्या गाडीची वाट बघत उभी होते. मागून कुणीतरी "बाई" म्हणून हाक मारली. सांगलीला असताना तोंडओळख झालेला एक शिपाई होता, आता माझ्यासारखाच बदली होऊन इकडं आलेला. त्यानं टोपी काढून हातात घेतली आणि म्हणाला, "बाई, तुमचे जमादार गेले. आठ दिवस झाले. दुपारचं जेवून पडले ते पडलेच..." माझी गाडी आली, भरली आणि गेली. मी तिथंच उभी होते.

"बाईंचे जमादार" हे नाव सांगलीच्या पोलीस लाइनीनं थट्टेत पाडलेलं. मी रिमांड होमची प्रोबेशन ऑफिसर. घरातून पळालेली, टाकून दिलेली, मारहाण झालेली मुलं कोर्टापुढं यायची. त्यांच्या घरी जाऊन खरं काय ते शोधायचं आणि मॅजिस्ट्रेटसाहेबांना लिहून द्यायचं, हे माझं काम. मिशीवाले, सहा फुटी हिंदुराव जाधव जमादार चोर-दरोडेखोर सोडून एका बाईबरोबर पोरांच्या चौकशा करत फिरतात, याची लाइनीत मोठी गंमत वाटायची. त्यांनी ती थट्टा कधी मनावर घेतली नाही. आमची गाठ पडली ती एका मुलीमुळं. तिचं खरं नाव इथं लिहीत नाही, कमळ म्हणते.

मिरजेहून फातिमाबी नावाची एक बाई आमच्या ऑफिसात आली होती. तिच्या घरी तंबोऱ्याचे भोपळे कोरायचं काम चालायचं. शेजारच्या घरात एक नऊ-दहा वर्षांची पोर आहे, आई वारली म्हणून लांबच्या मामानं शिकवतो म्हणून आणलीय आणि घरकामाला जुंपलीय, असं तिनं सांगितलं. मग म्हणाली, "आमची पोरं पडली तर बोंबलतात, बाई. ही बोंबलतच नाही."

मी गेले. मामा कुठल्याशा कचेरीत कारकून, बोलायला सभ्य. माझ्यापुढं पोह्यांची बशी आली. कमळच्या दंडावर भाजल्याचे डाग होते. मी मामीसमोरच विचारलं, "हे कशानं गं झालं?" ती म्हणाली, "चुलीवर पडले." मी तसं लिहून आणलं. चार दिवसांनी पोलिसांनी मामासकट तिला चौकीत बोलावलं, त्यांनाही तेच उत्तर मिळालं. प्रकरण मिटलं.

त्यानंतरच्या सोमवारी जमादार माझ्या टेबलासमोर येऊन उभे राहिले. बसा म्हटलं तरी बसले नाहीत. "बाई, तुमी एकदा इचारलं, आमी एकदा इचारलं. पोरीनं दोन येळा खोटं सांगितलं आन् दोन्ही येळंला आपली पाठ वळल्यावर मार खाल्ला आसंल." आपण केलेलं काम कुणीतरी आपल्यालाच इतक्या सरळ शब्दांत सांगावं, हे तोवर माझ्या वाट्याला आलं नव्हतं. तेच पुढं म्हणाले, "आता एकदाच इचारायचं. दोघांनी मिळून. आन् त्या घरात न्हाई."

मॅजिस्ट्रेटसाहेबांचा हुकूम काढून आम्ही कमळला आणलं. आधी दवाखान्यात डॉक्टरीणबाईंना दाखवलं, मग दोन दिवस तिला काहीच विचारायचं नाही असं ठरलं. ठरवलं जमादारांनी, मीच उतावीळ झाले होते. तिसऱ्या दिवशी ते धोतर-सदरा घालून आले आणि भिंतीला टेकून जमिनीवर बसले. विचारणार मी, ते नुसतं ऐकणार. हातात कागदसुद्धा घेतला नव्हता. कमळ कितीतरी वेळ गावाकडच्या शेळीबद्दल बोलत राहिली... आणि बोलता बोलता मागच्या लाकडाच्या खोलीवर आली. तिला तिथं कोंडायचे. कौलाच्या फटीतून उन्हाचा कवडसा यायचा. तो सरकत सरकत भिंतीवरच्या खुंटीला टेकला की मामा यायचा. मग उलथनं चुलीत तापायचं. पुढचं आम्ही विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी जमादार पंच घेऊन मिरजेला गेले, मीही गेले. पंचांना अंगणात बसवून ते त्या खोलीत शिरले आणि मला म्हणाले, "बाई, भायेरनं कडी घाला." मामी दारात दगडासारखी उभी होती. आम्ही बाहेर तासभर बसलो असू. आतून एकदम आवाज आला, "ऊन टेकलं!" आणि पंच घड्याळ बघतायत तोवर गल्लीच्या तोंडाशी मामाच्या सायकलची घंटी वाजली. मी कडी काढली. जमादार घामानं भिजले होते. त्यांनी मामाकडं बघितलंसुद्धा नाही. मला हळूच म्हणाले, "पोरगी शब्दानं खोटी न्हाई."

कोर्टात मामाच्या वकिलानं, पोरीला बाईंनी पढवलंय, असं खूप घोळवलं. साहेबांनी जमादारांचा पंचनामा दोनदा वाचला. मामाला कैद झाली, फार नाही, पण झाली. मला विजय मिळाल्यासारखं वाटत होतं. परतीच्या एसटीत जमादार मात्र खिडकीबाहेर बघत होते. मग कुणाला तरी उत्तर द्यावं तसं बोलायला लागले. "नवीन भरती झालो तवा शिरवळच्या बाजूला हुतो. हमरस्त्यावर एक पोर घावली. घरातनं पळालेली. बापाच्या हवाली कराया नेली तर माजा हात सोडंना. मी एक-एक बोट सोडवलं, बाई. कागदावर बापाची सही घेतली. पंधरा दिसांनी त्याच घरात पंचनाम्याला मलाच धाडलं..." त्यांनी खिशातली तपकिरीची डबी काढली आणि न उघडताच परत ठेवली. त्यानंतर जमादार रिटायर होईपर्यंतच्या दोन-तीन वर्षांत आम्ही अशी बरीच मुलं बघितली. काही वाचली. काहींपर्यंत आम्ही उशिरा पोचलो. पण शिरवळच्या त्या पोरीचा विषय त्यांच्या तोंडून पुन्हा कधी निघाला नाही.

कमळ पुढं साताऱ्याच्या मुलींच्या वसतिगृहात राहिली. जमादार गेल्याचं तिला मलाच सांगावं लागलं. आता ती चौदा-पंधरा वर्षांची आहे. रडली नाही. म्हणाली, "मला त्यांच्या घरी न्या." रविवारी आम्ही दोघी त्यांच्या गावी गेलो. घर साधंच. ते पडायचे ती मधली खोली, भिंतीला गुंडाळून ठेवलेली वळकटी, खिडकीत अर्धी राहिलेली तपकिरीची डबी. त्यांच्या पत्नीनं पाणी दिलं, कमळला जवळ बसवलं आणि बराच वेळ तिच्याकडं बघत राहिल्या.

"ह्यांच्या कामातली का गं तू?" त्या म्हणाल्या. "म्हैन्यातनं एकदा साताऱ्याला जायाचे. इचारलं तर सरकारी काम हाय म्हनायचे. आवं, रिटायर झालेल्या माणसाचं कसलं सरकारी काम? लय भांडले मी त्यावरनं. पर न्हाई सांगितलं. कशाला जातो, कुनाकडं जातो, कदी तोंडातनं शबूद काढला न्हाई."

वसतिगृहाच्या बाईंना मी कधीचं विचारणार होते, ते मला तिथंच समजलं. दर महिन्याला कमळला भेटायला कुणी आबा येतात असं त्या सांगायच्या, ते आबा कोण, ते.

मी काहीतरी बोलून वेळ मारून नेणार होते. खटला संपल्यापासून, इतक्या वर्षांत कमळनं ती हकिगत कुणालाही सांगितलेली नव्हती. वसतिगृहातल्या मैत्रिणींना नाही, मलाही पुन्हा नाही. आणि जमादारांनी ती स्वतःच्या बायकोपासूनही जपली होती. मी तोंड उघडायच्या आत कमळनं माझ्या हातावर हात ठेवला.

"मी सांगते," ती म्हणाली. तिनं त्या माउलीकडं तोंड केलं, मांडी घालून नीट बसली. "मिरजेला माझे एक मामा होते..."

मी उठले, दार ओढून घेतलं नाही, उघडंच ठेवलं, आणि बाहेर सोप्यात जाऊन बसले.