गादीवरचा हॅलोजन

मखमलाबादच्या मळ्यात वांग्या-टोमॅटोला पाणी भरण्यापेक्षा ते पाणी उपसणारी मोटार उघडून बघण्यात मल्हारीला लहानपणापासून गोडी. वडिलांनी हात टेकले. आई साळूबाई मात्र म्हणाली, "करू द्या. घरात एक वायरमन पायजेच की." आसपासच्या विहिरींवरच्या मोटारी त्याच्या हाताखालून गेल्या, पण शहरातलं काम काही मिळेना. मोटारवाल्याला शोरूममध्ये कोण उभं करतो?

शेवटी दोन हजार तीन साली नाशिक रोडच्या ज्ञानेशशेठनं त्याला बोलावलं. शेठचं साड्यांचं दुकान, वडील सावळीराम यांनी थाटलेलं. ते वारल्यावर शेठनं दुकानाचं रूपच पालटायला काढलं. छताखाली अ‍ॅल्युमिनियमच्या चौकटी, चौकटींत पांढऱ्या फरशा आणि फरशांना गोल भोकं पाडून आत बसवलेले हॅलोजन. दिवा दिसायला नको, नुसता उजेड साड्यांवर पडायला हवा. असलं काम मल्हारीनं जन्मात केलं नव्हतं, तरी "जमतं" म्हणून मोकळा झाला होता. जमलं तर शहरात नाव, फसलं तर पुन्हा विहिरीत उतरायचं.

पहिल्याच दिवशी जुन्या छताच्या हुकाला लाल फडक्यात बांधलेला नारळ सापडला. शेठची आई चिमणाबाई धावतच आली. "मालकांच्या हातचा हाय तो, दुकान उघडलं त्या दिवशीचा. गादीच्या डोक्यावरच ऱ्हायला पायजे."

मल्हारी देवभोळा. त्यानं नारळ कपाळाला लावला आणि बरोबर शेठच्या बसायच्या गादीच्या वर, फरशीच्या पाठीवर अलगद ठेवून दिला. छत बंद झालं. दृष्टीआड सृष्टी म्हणतात ते खोटं नाही. कामाच्या धबडग्यात नारळ त्याच्या डोक्यातून पार गेला.

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, मुहूर्तावर पूजा होती. आदल्या दिवशी शेठ गादीवर बसून बघत म्हणाला, "मल्हारी, इथं अंधार वाटतो रे. एक दिवा इथंपण मार." मल्हारी खुशीत होता. त्यानं खालूनच भोक पाडलं, शेजारची फरशी सरकवून आत हात घालून वायर ओढली आणि दिवा वर दाबला. खटकन बसला. वर काहीतरी कलंडल्यासारखं वाटलं, पण वायर असेल म्हणून त्यानं ते सोडून दिलं.

आखाजीला सगळे दिवे लागले तेव्हा पाहुण्यांनी माना वर केल्या. उजेड आहे आणि दिवे कुठायत? दाराशी उभ्या मल्हारीची छाती फुगली. सावळीरामांच्या फोटोपुढं चिमणाबाईनं पितरांची घागर भरून ठेवली होती. भटजींचे मंत्र चालू होते. तेवढ्यात कसलासा खमंग वास आला.

"कुणीतरी खोबरं भाजतंय," एक पाहुणी म्हणाली.

सगळ्यांना पटलं. उन्हाळा म्हणजे काळ्या मसाल्याचे दिवस. मल्हारीलाही आधी साळूबाईची कढई आठवली. मग त्याच्या ध्यानात आलं की शेजारी दोन्हीकडं दुकानं आहेत आणि वर गोदाम. इथं खोबरं भाजणार कोण? आणि एकदम फरशीवर ठेवलेला नारळ आठवला. चहूबाजूंनी साड्यांचे ढीग, आणि वर पेटता कापडाचा बोळा!

"बटण बंद करा!" तो ओरडला. मंत्र थांबले. गादीला पाय लावायचा नसतो हे त्यालाही ठाऊक. त्यानं घाईघाईनं गादीला हात लावून कपाळाला टेकवला आणि सरळ वर चढला. फरशी उचलली तर धुराचा भपकाराच आला. हॅलोजनच्या पाठीला नारळ टेकला होता आणि फडकं कडेनं धुमसत होतं. हात भाजत असताना त्यानं नारळ खाली आणला, समोरची पितरांचीच घागर उचलली आणि त्याच्यावर ओतली. चर्रर्र झालं आणि धूर निवला.

शेठचा चेहरा लालबुंद झाला होता.

"म्याच ठेवला व्हता," मल्हारी कसाबसा बोलला. "काल दिवा लावताना ध्यानात ऱ्हायलं नाय."

चिमणाबाई पुढं आली. तिनं ओला नारळ हातात घेऊन कानाशी हलवला. आतला गोटा खुळखुळला. ती नवऱ्याच्या फोटोकडं वळली.

"मालक असेच व्हते," ती म्हणाली. "दुकानात कुणाचं काय चुकलं तर कधी वरडले नाय. नुसते खाकरायचे. समजणाऱ्याला समजायचं." तिनं डोळ्यांना पदर लावला आणि हसली. "आज बी आग लागायच्या आधी खाकरले बघ."

शेठनं वडिलांच्या फोटोकडं पाहिलं आणि त्यालाही हसू फुटलं.  मल्हारी होता तिथंच, शेठच्या गादीवर, मटकन बसला. त्याला कुणी ऊठ म्हटलं नाही. इतकं हलकं त्याला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं.

नारळ तिथंच फुटला. धुरकट खोबऱ्याचा प्रसाद सगळ्यांनी खाल्ला आणि गादीवरचा दिवा चार फरशा पलीकडं गेला. पुढं मालेगावपर्यंत मल्हारीची कामं पोचली. कुठल्याही दुकानात पहिलं भोक पाडण्याआधी तो विचारायचा, "वर नारळ हाय का?" लोक हसायचे. तो विचारायचाच.

आपल्या वाट्याचं खोबरं त्यानं त्या दिवशी घरी नेलं होतं. साळूबाईनं ते वर्षाच्या मसाल्यात कुटलं. वर्षभर घरात भाजीला त्या मसाल्याची फोडणी पडली की मल्हारी आधी दचकून वर छताकडं बघायचा. मग हायसं वाटायचं, आणि तो एक भाकरी जास्त खायचा.