निकालाची नक्कल

आज कपाट उघडल्यावर डांबरगोळ्यांचा वास आला आणि कल्याणच्या कोर्टातली रेकॉर्ड रूम आठवली. घटस्फोटाच्या निकालाची नक्कल घ्यायला मी शहाडहून एकटीच गेलेले. बाकावर सुधीर बसलेला, माझा पूर्वीचा नवरा. दुसऱ्या लग्नासाठी त्यालाही नक्कल हवी होती. कारकुनाने लाल कापडातला गठ्ठा सोडला, आमची नावं वाचली आणि सहज विचारलं, "जोडीनेच आलात?"

"नाही!" आम्ही एकदमच म्हणालो आणि दोघांनाही हसू फुटलं, डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

बाहेर त्याने माझ्यासाठी रिक्षा थांबवली. "जपून जा गं," म्हणाला.

तेव्हा नुसतं सुटल्यासारखं वाटलेलं. आता वाटतं, इतकं मनापासून आम्ही संसारातही कधी हसलो नव्हतो. त्यानंतर तर मी कुणाबरोबरच तशी हसले नाही.